लंडनची नेकेड बाइक राइड : फुकट आहे, थंडी वाजते, तरी जा

पहिलं हे सांगून टाकते, कपडे काढायची सक्ती नाहीये. ग्रुपवर फोटो टाकल्यापासून (चेहऱ्याचा, घाबरू नका) इतक्या जणींनी हेच विचारलंय की बाकीचं नंतर. "बेअर ॲज यू डेअर" असं आयोजकांचं म्हणणं असतं, म्हणजे जेवढी हिंमत तेवढं काढा, नसेल तर राहू द्या. मी सायकलिंगची शॉर्ट आणि बिकिनी टॉप घालून गेले. नवरा फुल टीशर्ट, ट्रॅक पँट, हेल्मेट आणि वर ते पिवळं चमकणारं जॅकेट असा पूर्ण बंदोबस्तात आला, आणि त्या सगळ्या गर्दीत लोक वळून वळून बघत होते ते त्याच्याकडेच.

तर रिव्ह्यू. वर्ल्ड नेकेड बाइक राइड, लंडन, म्हणजे कपडे काढून सायकलवरून निघणारा मोर्चा. साधारण जूनचा दुसरा शनिवार, दिवसाढवळ्या, भर शहरातून. तिकीट नाही, रजिस्ट्रेशन नाही, मेडल नाही, टीशर्ट तर नाहीच नाही. वेबसाइटवर सुरुवातीच्या जागा आणि वेळा देतात, त्यातली सोयीची जागा बघायची आणि सायकल घेऊन उभं राहायचं. रीजंट्स पार्क, टॉवर हिल, क्लॅपहम जंक्शन, क्यू ब्रिज अशा जागा असतात, वर्षागणिक थोडंफार बदलतं तेव्हा निघायच्या आधी एकदा बघून घ्या. वेगवेगळीकडून निघालेले घोळके मध्य लंडनमध्ये एकमेकांना येऊन मिळतात आणि शेवट हाइड पार्क कॉर्नरच्या वेलिंग्टन आर्चपाशी. सगळं स्वयंसेवकांवर चालतं, डोनेशन द्यायचं तर द्या.

हे कशासाठी, असं सासूबाईंनी फोनवर विचारलं. निषेध आहे हो आई, म्हटलं. "कपड्यांचा?" नाही, तेलाचा आणि गाड्यांचा. 2004 साली व्हँकूव्हरच्या कॉनरॅड श्मिट नावाच्या माणसाने हे जगभर एकाच सुमाराला करायची टूम काढली, त्याच्याही आधी स्पेनमधे सारागोसाला अशा नागड्या सायकल मोर्च्यांची सुरुवात झाली होती. मुद्दा असा की रस्त्यावर सायकलवाल्याच्या अंगावर पत्रा नसतो, एअरबॅग नसते, जे आहे ते कातडंच, मग ते सरळ दाखवूनच द्या. शिवाय आपल्या शरीराची लाज कशाला, हाही एक भाग आहेच. लोकांनी पाठीवर रंगवलेलं असतं "कॅन यू सी मी नाऊ", आणि ज्याने लंडनमध्ये लॉरीच्या डाव्या बाजूने, जिथे ड्रायव्हरला सायकल धड दिसत नाही तिथून, सायकल चालवलीय त्याला यातला कडवटपणा बरोबर कळतो. इथे चौकाचौकात पांढरी रंगवलेली सायकल कुंपणाला बांधलेली दिसते ना, घोस्ट बाइक म्हणतात तिला, तिथे कुणीतरी सायकलवाला अपघातात गेलेला असतो. ड्रायव्हरला केबिनमधून किती दिसतं यावर 12 टनांवरच्या ट्रकना स्टार देऊन परमिट द्यायची पद्धत लंडनने 2021 मध्ये लागू केली. म्हणजे "दिसलोच नाही" ही तक्रार काही कवीकल्पना नाहीये.

माझ्या पाठीवर मैत्रिणीने देवनागरीत लिहिलं "आता दिसले का?" त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

आता तयारी, कारण इथेच लोकांचं अडतं. आम्ही लंडनच्या कडेला हॅरोला राहतो, शनिवारी ट्यूबच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर सायकल नेता येते, बेकर स्ट्रीटला उतरलं की रीजंट्स पार्क जवळच. येताना सगळे कपड्यातच येतात, राइड सुरू व्हायच्या जागी काढतात, आणि संपल्यावर घालूनच घरी जायचं असतं, ट्रेनमध्ये वगैरे नाही. सायकल स्वतःची असेल तर प्रश्नच मिटला. माझी आहे, नवऱ्याची नव्हती, त्याच्यासाठी एका दुकानातून भाड्याने आणली तर ब्रेक लावला की म्हैस ओरडावी तसा आवाज, आणि सांगितलं तर दुकानदार म्हणे ब्रेक लागतोय ना मग झालं. त्यापेक्षा कुणा मित्राची मागा. रस्त्यावर उभ्या असतात त्या सरकारी लाल सायकली घेऊनही काही जण आले होते, पण एक तर त्या वीस किलोच्या वर वजनाच्या, आणि दर अर्ध्या तासाला पैसे चढत राहतात, ही राइड म्हणजे रांगत रांगत जाणारी वरात, त्यात तो हिशोब परवडत नाही. आणि हो, भाड्याची सायकल असेल तर सीटवर आपला जाडसर टॉवेल किंवा कव्हर बांधाच. स्वतःच्या सायकलवर सुद्धा बांधा. तुमच्यासाठीही आणि पुढच्या माणसासाठीही.

बाकी लागतं काय? बूट, कारण अनवाणी पायाने पेडल मारून बघा दहा मिनिटं. सनस्क्रीन, आणि ज्या जागी जन्मात ऊन लागलं नाही तिथे डबल. कपडे ठेवायला मागच्या कॅरियरची बॅग, पाठीवर सॅक घेऊ नका, सगळा पेंट निघतो आणि पट्टे खांदे सोलून काढतात. आणि एक जाड जॅकेट. "उघड्याशेजारी नागडं गेलं, रात्रभर हिवानं मेलं" ही म्हण लंडनच्या जूनसाठीच केलेली असणार. ऊन आहे तोवर छान वाटतं, एक ढग आला आणि वेस्टमिन्स्टर ब्रिजवर नदीचा वारा लागला की सगळा घोळका एका सुरात हाऽऽ करतो. माझ्या पुढे एक साठीच्या बाई होत्या, अंगावर फक्त मोत्यांची माळ आणि उन्हाची टोपी, त्यांनी शांतपणे हँडलच्या टोपलीतून शाल काढली, गुंडाळली, पूल संपल्यावर घडी घालून परत आत. हे मला फार आवडलं.

सुरुवातीचा अर्धा तास अवघडल्यासारखं होतं हे खरं. पार्कात लोक एकमेकांना रंग लावतायत, टायरमध्ये हवा भरतायत, सनस्क्रीन उसनं मागतायत, आणि तुम्ही डोळे कुठे ठेवावेत या विचारात झाडाची फांदी बघताय. मग कधीतरी ते संपतं. कधी संपलं ते कळलं नाही, पण एका माणसाची चेन उतरली आणि नवरा खाली वाकून ती बसवून देत होता, तो माणूस वरून सूचना देतोय, दोघांच्या गप्पा गिअरवर, आणि त्या माणसाच्या अंगावर हेल्मेट सोडून काही नाही हे मला घरी आल्यावर आठवलं.

आता ज्यासाठी मी या राइडला खरोखर मार्क देते ते. चौक. घोळका चौकात आला की मार्शल, म्हणजे राइडचेच स्वयंसेवक, आडव्या रस्त्यावर सायकल लावून उभे राहतात आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत गाड्या थांबवतात. रीजंट स्ट्रीटच्या बाजूला एक आजोबा मार्शल होते, चमकतं जाकीट आणि सँडल, मध्ये काही नाही, काळ्या टॅक्सीपुढे दोन्ही हात वर करून उभे, आणि टॅक्सीवाल्याला दर दोन मिनिटांनी "थँक यू सर, सो काइंड" म्हणतायत. टॅक्सीवाला आधी हॉर्नवर हात ठेवून होता, मग हसायला लागला, मग फोन काढला. मी पुण्यात लक्ष्मी रोडवर सायकल शिकले, इथे इतकी वर्षं ऑफिसला सायकलने जाते, पण पिकॅडिली सर्कसवरून मागे न बघता, डावीकडे न चिकटता, रस्त्याच्या मधोमध आरामात सायकल चालवणं म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. त्यासाठी एवढ्या लोकांना कपडे काढावे लागतात हा भाग वेगळा.

आणि पिकॅडिलीलाच ते झालं. फुटपाथवर एकसारख्या टोप्या घातलेला आपल्याकडचा टूरचा ग्रुप उभा. आमचा घोळका थांबलेला, आणि मागून स्पष्ट आवाज, "आई, मराठी! मराठी लिहिलंय!" आणि लगेच, "तिकडे बघायचं नाही म्हटलं ना तुला." थोड्या वेळाने त्याच बाईंचा, जरा हळू, "आता दि-स-ले का... अगं बाई." मी हँडल धरून समोर बघत बसले. माझ्या नवऱ्याने त्या पिवळ्या जॅकेटमध्ये हात जोडून "नमस्कार काकू" केलं. काकूंनी सवयीने परत नमस्कार केला सुद्धा.

कायद्याचं विचारतात म्हणून. इंग्लंडमध्ये नुसतं नागडं असणं हा गुन्हा नाही, 2003 च्या कायद्यात कुणाला घाबरवायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने गुप्तांग दाखवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे पोलीस आपले शांत असतात. आपल्याकडे हे करायच्या भानगडीत पडू नका, मिलिंद सोमणवर 2020 साली गोव्याच्या बीचवर पळाल्याच्या फोटोवरून एफआयआर झाली होती, आणि तो मिलिंद सोमण होता.

तक्रारी आहेतच. सगळ्यात मोठी म्हणजे फोटोवाले. सुरुवातीला आणि शेवटी वेलिंग्टन आर्चपाशी हातभर लांब लेन्स घेऊन उभे असलेले काका लोक, जे सायकलींचे फोटो नक्कीच काढत नाहीयेत. आयोजक सूचना देतात, मार्शल हटकतात, पण सार्वजनिक रस्ता आहे, कुणाला थांबवणार. फोटो नको असेल तर चेहऱ्यावर भरपूर पेंट, मोठा गॉगल, आणि घोळक्याच्या मध्ये राहा, कडेला नको. दुसरं, बायका कमी. पुरुष खूपच जास्त दिसतात, त्यामुळे एकटीने जाण्यापेक्षा दोघी-तिघींनी जा. कुणी वाकडं वागलं असं मला काही दिसलं नाही, पण सोबत असली की बरं वाटतं. तिसरं, टॉयलेटची सोय नाही, पार्कातून निघतानाच उरकून घ्या. आणि स्पीकरवाली एक सायकल आमच्या बरोबर होती, तीच तीच गाणी, तिला कुणीतरी आवरा.

शिवाय निषेध लोकांपर्यंत पोचतो का, यात मला शंका आहे. फुटपाथवरच्या दहातल्या नऊ जणांना ही कसलीतरी लंडनची मजा वाटते, तेल वगैरे कुणाच्या डोक्यात येत नाही. बसड्रायव्हर, टॅक्सीवाले मात्र बघतात, त्यांना थांबावं लागतं ना. मला वाटतं पाठीवर लिहिलेल्या घोषणा अजून मोठ्या अक्षरात हव्यात, पाठी आहेत की भरपूर. अमेरिकेत पोर्टलंडला हीच राइड रात्री निघते, तिथे गर्दी हजारोंनी, पण मला दिवसाचीच बरी वाटते, अंधारात मग दिसण्याचा मुद्दाच काय राहिला.

कुणी जावं? सायकल रोज चालवत असाल तर नक्की. नुसतं "नागड्या लोकांत" म्हणून जायचं असेल तर दोन तास सीटवर बसवणार नाही, सांगून ठेवते. लंडनच्या मराठी मंडळींना भीती असते की कुणी ओळखीचं भेटेल, तर भेटलंच तर तोही तिथेच असणार ना, गणपतीत समोरासमोर आलात तर दोघंही गप्प बसाल.

5 पैकी 4. एक कापला तो फोटोवाल्यांचा. पुढच्या वर्षी जाणार असाल तर हवा आदल्या दिवशीच भरून ठेवा, पार्कात एका पंपामागे मोठी लाइन असते आणि त्या लाइनीत वारा फार लागतो. पेंट पाण्याने जाणारा घ्या, माझ्या पाठीवरचं "दिसले का" अजून पुसट दिसतंय आणि सोमवारी ऑफिसला बंद गळ्याचा शर्ट घालून जावं लागलं.