इलेक्ट्रिक स्कूटर: १४ महिने, ११,३०० किलोमीटर

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, राहतो आडगाव नाक्याजवळ. रोजचं जाणं-येणं २४ किलोमीटर, त्यात द्वारका चौकातली कोंडी. गेल्या वर्षी पेट्रोलची स्कूटर विकून इलेक्ट्रिक घेतली. गाडी मला मनापासून आवडली आहे. पण घेताना मी, मेंटेनन्सचा माणूस असूनही, भलताच प्रश्न विचारत होतो: "एका चार्जमध्ये किती जाते?"

विचारायचं ते हे, की बॅटरी किती युनिटची? किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट. माझी बॅटरी ३ युनिटची. शोरूममध्ये १२० किलोमीटर ऐकलं होतं. तो आकडा चाचणीतला असतो, रोलरवर, वेगाच्या ठरलेल्या क्रमाने गाडी चालवून काढलेला. तिथे खड्डे नसतात, समोरून वारा नसतो, मागे कोणी बसलेलं नसतं. मला इको मोडवर, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगवर, एकट्याला ८५ मिळतात, मंडळी मागे असली की ७५.

त्र्यंबकेश्वरला दोघं गेलो तेव्हा हे नीट कळलं. घरून निघताना १०० टक्के, तिथे पोचेपर्यंत ५२. रस्ता चढता आहे हे पेट्रोलच्या गाडीवर कधी जाणवलंच नव्हतं. दर्शनात लक्ष कमी आणि टक्क्यांत जास्त! येताना उतार मिळाला, थ्रॉटल सोडला की मोटर थोडी वीज बॅटरीत परत भरते, त्यामुळे घरी १४ टक्के उरले. वणीच्या गडाला मात्र ही गाडी नेणार नाही. एका बाजूचेच साठेक किलोमीटर आणि वर नांदुरीचा घाट.

खर्चाचं म्हणाल तर सॉकेटच्या आधी मी सब-मीटर, म्हणजे फक्त चार्जिंगची वीज मोजणारा छोटा मीटर बसवलाय. बॅटरी ३ युनिटची असली तरी रिकामी भरताना ३.४ युनिट ओढते, बाकीचं चार्जरमध्ये उष्णता होऊन जातं. माझ्या स्लॅबमध्ये सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडतं. म्हणजे ४१ रुपयांत ८५ किलोमीटर, किलोमीटरला पन्नास पैशांच्या आत. जुन्या गाडीला सव्वादोन रुपये लागायचे.

खरी दगदग सॉकेटची झाली. आमची सोसायटी चार मजली, मी तिसऱ्यावर. कॉमन मीटरवर चार्जिंग नको, असं कमिटीचं म्हणणं, आणि ते रास्तच होतं. शेवटी माझ्या मीटरपासून पार्किंगपर्यंत ३१ मीटर वायर ओढली, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), १५ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग. साडेसात हजार गेले, जे कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हते. ५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्जर चालतो, पण साडेचार तास सलग लोड असतो. पिन जरा ढिली असेल तर प्लग तापून पिवळा पडतो. हे मी कारखान्यात इतक्यांदा पाहिलंय की घरी ती जोखीम घेणार नव्हतो. भाड्याच्या घरात राहत असाल आणि मालक वायर ओढू देत नसेल, तर तूर्त थांबा. कॉलेज रोडला किंवा आणखी कुठे चार्जिंग पॉइंट शोधत फिरण्यात रोजचं आयुष्य निघत नाही.

एप्रिल-मेमध्ये उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही. तासभर सावलीत निवू देतो, जेवण होतं, मग लावतो.

सर्व्हिसला मी पाचपैकी दोनच देईन. पुढच्या ब्रेकचा स्विच गेला. एवढासा भाग, पण तो येईपर्यंत गाडी नऊ दिवस वर्कशॉपमध्ये उभी. रोज फोन केला की "उद्या येईल". ते नऊ दिवस शेअर रिक्षाने सातपूर गाठलं. बाहेरचा मेकॅनिक या गाडीला हात लावत नाही, म्हणून बुकिंगआधी वर्कशॉपमध्ये जाऊन तिथे उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांशी बोला. मी फक्त शोरूममध्ये बोललो होतो.