कॅलरी-नोंदणीचे ॲप आणि स्वयंपाकघरातला काटा: किती दिवस वापरावे?

वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मी कॅलरी नोंदवण्याचे एक ॲप आणि छोटा डिजिटल काटा अशी दोन्ही साधने वापरते, आणि त्यांपैकी काटा मला अधिक उपयोगी वाटतो. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात हे पाठ असले, तरी फोडणीला अंदाजाने ओतलेले तेल वजन करून पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ उमगत नाही. एक मोठा चमचा म्हणजे सुमारे 120 कॅलरी, अर्थात एका लहान भाकरीइतक्या. ॲपमधल्या ‘एक वाटी उसळ’ या नोंदीला मात्र वाटी केवढी, रस्सा किती, दाण्याचे कूट किती, हे ठाऊक नसते. म्हणून कच्चे साहित्य मोजून स्वतःची पाककृती साठवण्याची त्यातली सोय जरूर वापरावी.

माझ्या मते रोजची नोंद दोन-तीन महिने पुरे, कारण तेवढ्यात नेहमीच्या जेवणाचे अंदाज बसतात. पुढे आठवड्याचे सरासरी वजन पाहावे आणि ते चढू लागले तरच पुन्हा काही दिवस मोजावे. जेवणाची धास्ती वाटू लागली, तर मोजणे तत्काळ थांबवून आहारतज्ज्ञांना भेटावे. वर्षभराची सशुल्क वर्गणी मला म्हणूनच अनावश्यक वाटते.