इंटर्नशिप कुठे करावी: सार्वजनिक ग्रंथालय, विद्यापीठ, अभिलेखागार की घरून?

इंटर्नशिपचं सत्र जवळ आलं की ग्रंथालय व माहितीशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: कुठे करू? मोठ्या नावाचं विद्यापीठ, सार्वजनिक ग्रंथालय, अभिलेखागार, रुग्णालयाचं ग्रंथालय, की घरून मेटाडेटाचं, म्हणजे वस्तूंची वर्णनात्मक माहिती नोंदवण्याचं काम? मी एकेकाळी स्वतः इंटर्न होते, आता दरवर्षी एकदोघांना हाताखाली घेते. माझं मत आधीच सांगून टाकते. तुमचं काम कोण तपासणार हे सगळ्यांत आधी पाहा, काम कोणत्या प्रकारचं आहे ते त्यानंतर. संस्थेचं नाव तिसऱ्या क्रमांकावर.

असं का म्हणते ते सांगते. माझ्या इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात मी पुस्तकांच्या वीस सूचीनोंदी केल्या आणि खूश झाले. माझं काम पाहणाऱ्या मॅडमनी त्या छापून घेतल्या आणि पेन्सिल घेऊन माझ्या शेजारी बसल्या. मार्क हा संगणकाला वाचता येणाऱ्या सूचीनोंदीचा साचा; त्यात शीर्षक २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात जातं. त्या क्षेत्राचा दुसरा दर्शक, म्हणजे एक अंकी खूण, संगणकाला सांगतो, की क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडून द्यायची. इंग्रजी शीर्षक ‘द’ने (The) सुरू होत असेल तर तिथे ४ हवा: तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा. मी सगळीकडे ० टाकला होता. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सूची उघडून शीर्षकांची यादी दाखवली. माझी ‘द’ने सुरू होणारी सगळी पुस्तकं ‘टी’खाली जाऊन बसली होती आणि वाचक जिथे शोधेल तिथे एकही नव्हतं. त्या अर्ध्या तासात तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांची सूची बनवणं, मला जितकं कळलं, तितकं त्याआधीच्या अख्ख्या सत्रात कळलं नव्हतं. त्या नोंदी कुणी तपासल्याच नसत्या, तर मी तीन महिने तीच चूक करत राहिले असते आणि प्रमाणपत्रही मिळालं असतं.

हे काम ग्रंथालयात करत शिकावं की वर्गात, हा वाद तसा जुना आहे. पुस्तकांच्या दशांश वर्गीकरणाचे जनक मेल्व्हिल ड्युई यांनी १८८७ मध्ये कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची शाळा सुरू केली. त्याआधी लोक हा व्यवसाय बहुतेक ग्रंथालयात उमेदवारी करूनच शिकत. पुढे अमेरिकेतल्या ग्रंथपाल-शिक्षणावरच्या १९२३ च्या विल्यमसन अहवालाने कारकुनी काम आणि व्यावसायिक काम यांच्यात स्पष्ट रेघ ओढली आणि हे शिक्षण विद्यापीठांत असावं असं सांगितलं. प्रत्येक जागेला हीच रेघ लावून पाहा. शिक्के मारणं, लेबलं चिकटवणं, पुस्तकं जागच्या जागी लावणं हे पहिले काही दिवस जरूर करावं, त्याशिवाय संग्रह हाताखालून जात नाही. पण सहाव्या आठवड्यातही तेच चालू असेल, तर तिथे हवा होता तो मदतनीस आणि सापडलात तुम्ही.

सार्वजनिक की विद्यापीठाचं?

बहुतेकांची ओढाताण या दोघांत होते, म्हणून इथे थोडं सविस्तर.

सार्वजनिक ग्रंथालयात समोर कोण येईल याचा नेम नसतो: शाळकरी मुलगा, निवृत्त गृहस्थ, नोकरीचा अर्ज भरणारी बाई. संदर्भसेवा, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देणं, शिकायला यासारखी जागा नाही. माझ्या एका इंटर्नकडे एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “घरांवरची पुस्तकं कुठे आहेत?” मुलगा हुशार, त्याने त्यांना तडक ड्युई वर्गीकरणातल्या ७२८ च्या कपाटाकडे, निवासी वास्तुकलेकडे नेलं. बाई दोन पुस्तकं चाळून परत निघाल्या. मी त्यांना थांबवून विचारलं, “घराबद्दल नेमकं काय पाहायचंय?” तेव्हा कळलं, की घरमालक अनामत रक्कम परत देत नव्हता. त्यांना हवा होता तो कायदा, म्हणजे ३४६. वाचकाची खरी गरज आणि त्याच्या तोंडून निघालेला प्रश्न यांतलं हे अंतर ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्येच चार पायऱ्यांत मांडलं होतं आणि त्या मुलाने ते परीक्षेत लिहिलंही होतं. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून ते ओळखायला मात्र तो त्या दिवशी शिकला.

विद्यापीठात प्रश्न कमी येतात, पण खोल असतात. एका संशोधकासाठी दोन तास डेटाबेस धुंडाळणं, नव्या विद्यार्थ्यांना शोध कसा घ्यायचा ते शिकवणं, डीस्पेससारख्या डिजिटल संग्रहाच्या प्रणालीवर प्रबंध चढवताना हक्क आणि मेटाडेटा तपासणं, असं काम मिळतं. शिकवायची आवड असेल तर इथेच या. अडचण एकच: मोठ्या ग्रंथालयात विभाग अनेक असतात आणि इंटर्न एका विभागात बसला की तिथलाच होतो. तीन महिने फक्त नियतकालिकं पाहून बाहेर पडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. म्हणून ‘दोन विभाग तरी फिरायला मिळतील का?’ हे आधी विचारून घ्या, आणि उत्तर लेखी करारात येऊ द्या. उलट लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखलनोंदीपासून देवघेवीपर्यंत सगळं एकाच ग्रंथपालाच्या हातात असतं आणि तुम्ही त्याच्या मागे मागे सगळं बघता. त्याला वेळ असेल तर ही जागा मोठ्या नावापेक्षा कितीतरी सरस. पण वेळ आहे का, हे तिथे जाऊनच कळतं.

संदर्भसेवा की तालिकीकरण हेच अजून ठरत नसेल, तर माझा कौल सार्वजनिक ग्रंथालयाला. तालिकीकरण पुढे नोकरीतही पक्कं होतं. माणसांशी बोलण्याची भीती मात्र लवकर मोडलेली बरी.

अभिलेखागार

जुनी कागदपत्रं जपणारं हे जग वेगळं आहे आणि ते सगळ्यांना मानवत नाही. इथे वेग हा गुण नाही. एक खोका उघडायचा, गंजलेल्या टाचण्या अलगद काढायच्या, कागद आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवायचे, वर्णन लिहायचं, आणि दिवस संपतो. मी विद्यार्थी म्हणून काही दिवस अशा एका ठिकाणी बसले होते. पत्रांचा एक गठ्ठा हातात आला आणि मी उत्साहाने तारखेनुसार लावायला घेतला. सातआठ पत्रं हलली असतील, तेवढ्यात तिथल्या सरांनी शांतपणे माझा हात थांबवला. पत्रं ज्याची होती त्याने ती एका भांडणाच्या क्रमाने ठेवली होती: आधी उत्तर, मग ज्याला ते दिलं ते पत्र, मग त्याची प्रत. कोणता कागद कोणाच्या शेजारी ठेवलाय, ही तिथे स्वतःच एक माहिती होती. ‘मूळ क्रम मोडू नये’ हे वाक्य मी पाठ केलेलं होतं, तरी हात पुढे गेलाच. आणि हा क्रम एकदा मोडला की कुणालाच परत लावता येत नाही.

म्हणूनच अभिलेखागारात पर्यवेक्षक जवळ असणं सगळ्यांत महत्त्वाचं. सूचीतली चूक दुरुस्त होते, इथली बहुधा होत नाही. इंटर्नला खोका देऊन एकटं सोडणारं अभिलेखागार कितीही प्रसिद्ध असो, मी तिथे जाऊ नका म्हणेन.

रुग्णालय, कायदा, कंपनी

विशेष ग्रंथालयांत शोधकौशल्याला धार येते. वैद्यकीय ग्रंथालयात मेश विषयशीर्षकं (वैद्यकीय विषयांची ठरावीक नावं) वापरून, अटी जोडत-वगळत, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसवर असा शोध बांधावा लागतो की महत्त्वाचा लेख निसटू नये. डॉक्टर त्यावर विसंबून राहतात, त्यामुळे तपासणीही कडक असते. अडचण आहे ती गोपनीयतेची. कायदा संस्थेत किंवा कंपनीत केलेलं काम पुढच्या मुलाखतीत दाखवता येत नाही. काय दाखवता येईल, निदान शोधाची पद्धत तरी लिहून नेता येईल का, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

घरून

नोकरी, लहान मूल, लांबचा प्रवास अशा कारणांनी अनेकांना हाच एक पर्याय उरतो आणि तो कमी प्रतीचा नाही. डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या मानकातल्या पंधरा घटकांत जुन्या छायाचित्रांचं वर्णन करणं हे खरंखुरं व्यावसायिक काम आहे: विषय कोणता द्यायचा, तारीख अंदाजे असेल तर ती कशी लिहायची, इथे निर्णय घ्यावे लागतात. पण फाइली यायच्या, भरायच्या, परत पाठवायच्या आणि कुणी काही बोलायचं नाही, असं झालं तर ती नुसती उक्ती मजुरी होते. आठवड्यातून एकदा स्क्रीनवर बसून तुमच्या पाच नोंदी तपासणारं माणूस आहे का, एवढंच विचारा. नसेल तर सोडून द्या.

वेळ आणि मोबदला

दीडशे तास भरायचे असतील तर आठवड्याला दहा तास धरून पंधरा आठवडे लागतात. पूर्णवेळ, आठवड्याला चाळीस तास काम केलं तर चार आठवड्यांहून थोडं कमी. संदर्भसेवेला पहिली रीत बरी: सत्राची सुरुवात आणि परीक्षेची गर्दी दोन्ही दिसतात, शिवाय अडलेलं काही वर्गात विचारता येतं. अभिलेखागाराला सलग आठवडे हवेत, नाहीतर प्रत्येक वेळी ‘मागच्या वेळी कुठे थांबलो होतो’ यातच तास जातो.

मोबदला नसलेल्या, फक्त श्रेयांकांच्या इंटर्नशिपमध्ये तुम्ही फी भरून काम करत असता. ते ज्यांना परवडत नाही त्यांनी पगारी जागा नि:संकोच निवडावी, त्यात कमीपणा नाही. तुम्ही आधीच ग्रंथालयात नोकरीला असाल आणि अभ्यासक्रम परवानगी देत असेल, तर तिथेच वेगळ्या विभागात, वेगळ्या वरिष्ठांच्या हाताखाली करा. रोजच्याच टेबलावर बसून इंटर्नशिप होत नाही.

होकार देण्याआधी तासभर तिथे जाऊन बसा आणि पर्यवेक्षकांना दोन गोष्टी विचारा: मागच्या इंटर्नने काय काम केलं, आणि त्यातलं काय तुम्ही दुरुस्त करायला परत दिलंत? पहिल्याचं उत्तर बहुतेक सगळे देतात. दुसऱ्याचं उत्तर देताना ज्यांना एखादी नोंद, एखादा खोका, एखादा वाचक नेमका आठवतो, त्यांच्याकडे जा.