कुकचा थांबा आणि सहल कंपनीची अपुरी तयारी

मुंबईतील एका सहल कंपनीबरोबर आम्ही उभयतांनी ऑस्ट्रेलियातील सिडनी ते पर्थ हा ४,३५२ किलोमीटरचा प्रवास ‘इंडियन पॅसिफिक’ गाडीने केला. व्हिसा, तिकिटे आणि शाकाहारी जेवण या बाबतींत कंपनीचे काम चोख होते. माझी तक्रार एकाच थांब्याविषयी आहे, परंतु ती मला महत्त्वाची वाटते.

नलारबोरच्या झाडहीन पठारावर कुक नावाचे स्थानक आहे. येथील रूळ सलग ४७८ किलोमीटर सरळ जातो, म्हणजे मुंबईहून निघून भुसावळ मागे पडले तरी एकही वळण लागू नये, असा. गाडी तेथे थांबताच आमच्या सहल व्यवस्थापकांनी, “दुष्काळ पडला आणि गाव उठले,” असे सांगून सर्वांना छायाचित्रे काढण्यास मोकळे सोडले. ही माहिती चुकीची आहे. रेल्वेच्या कारखान्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला ती खटकल्यावाचून राहिली नाही.

पोर्ट ऑगस्टा ते कॅलगुर्ली हा लोहमार्ग १९१७ मध्ये पूर्ण झाला, त्याच वर्षी कुक वसले आणि त्याला माजी पंतप्रधान जोसेफ कुक यांचे नाव मिळाले. पाण्याची टंचाई येथे पहिल्या दिवसापासूनच होती. भूगर्भातील खारट पाण्याने वाफेच्या इंजिनांचे बॉयलर खराब होत, आणि वस्तीला किराणा, मांस, पाणी व पगार पोहोचवण्यासाठी ‘टी अँड शुगर’ नावाची गाडी १९९६ पर्यंत धावत होती. गाव ओस पडले ते वेगळ्याच कारणांनी. १९५१ मध्ये डिझेल इंजिने आली, पुढे रुळांखालच्या लाकडी स्लीपरांच्या जागी काँक्रीटचे आले, त्यामुळे रुळांची देखभाल करणारे गँगमन कमी झाले आणि १९९७ मध्ये रेल्वेचे खासगीकरण होताच उरलेली वस्तीही हलली. मुंबईच्या बाजूलाही डीसीऐवजी एसी वीजप्रवाह आल्यावर इगतपुरीला इंजिन बदलण्याचे कारण उरले नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की इगतपुरीला रेल्वेखेरीजही आधार होता.

कैद्यांना ठेवण्याच्या पत्र्याच्या दोन कोठड्या मात्र अजून उभ्या आहेत. त्या इतक्या लहान आहेत की आमच्यातील एका काकूंनी तेथे स्वच्छतागृह समजून दार ओढून पाहिले. ‘क्रूक असाल तर कुकला या’ अशी बंद पडलेल्या रुग्णालयाची जुनी पाटीही आहे. तेथील बोलीत ‘क्रूक’ म्हणजे आजारी, हे कोणी सांगितले नाही, त्यामुळे तो विनोद बहुतेकांना कळलाच नाही.

कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत या थांब्यापुढे ‘पाय मोकळे करणे’ एवढेच छापलेले आहे. पुढील सहलीपूर्वी तो मजकूर बदलावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.