स्पेक्ट्रमला डिवएमएमसी कार्ड: वापरून बघितल्यावर

सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाला (1982) स्लॉट असा नाहीच. मदरबोर्डची कडा मागून बाहेर डोकावते आणि झेड80 प्रोसेसरच्या अ‍ॅड्रेस, डेटा, कंट्रोल लाइन थेट तिच्यावर येतात. काहीही जोडायचं तर तिथेच. माझ्याकडे आहे ते मामाचं डीबी स्पेक्ट्रम प्लस, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचं. त्याच्या कॅसेटी आता धड लोड होत नाहीत, म्हणून डिवएमएमसी मागवलं, म्हणजे कॅसेटऐवजी एसडी कार्डावरून प्रोग्रॅम लोड करणारं कार्ड.

कार्ड काय सुरेख काम करतं! त्यावर स्वतःची रॉम-रॅम आहे. कॅसेट लोड करताना प्रोसेसर रॉममधल्या 0562 (हेक्स) या पत्त्यावर आला की कार्ड मूळ रॉमला बाजूला सारतं, स्वतःची पुढे करतं आणि डेटा एसडी कार्डावरच्या टॅप फाइलमधून (कॅसेटची डिजिटल नक्कल) पुरवतं. प्रोग्रॅमला काही कळतच नाही. कॅसेटवरून चार-पाच मिनिटं घेणारा गेम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हजर!

मला सगळ्यात आवडलं ते एनएमआय बटण, म्हणजे प्रोसेसरला टाळता न येणारा व्यत्यय (नॉन-मास्केबल इंटरप्ट) देणारं. ते दाबलं की झेड80 थेट रॉममधल्या 0066 (हेक्स) या पत्त्यावर जातो. सिंक्लेअरच्या रॉममध्ये नेमकी इथलीच अट उलटी लिहिली गेली होती, त्यामुळे मूळ यंत्रात ही सोय वायाच गेली. कार्ड तिथे आपला कोड बसवतं आणि गेम चालू असतानाही फाइलींची यादी समोर येते.

एसडी कार्ड फॅट32 करून त्यावर ईएसएक्सडॉसची (कार्डाची ऑपरेटिंग सिस्टिम) फोल्डरं टाकायची, एवढीच तयारी. फक्त फोल्डरांची आवृत्ती आणि कार्डाच्या रॉममधली आवृत्ती एकच हवी, नाहीतर सुरूच होत नाही.

खटकलं ते एकच, पण मोठं. माझ्या कार्डावर केम्पस्टन जॉयस्टिकचं पोर्ट आहे, मागे थ्रू कनेक्टर (पुढचं कार्ड जोडायची कडा) मात्र नाही. 48 केबी मेमरीच्या मशीनला एवाय (आवाजाची चिप) साउंड कार्ड लावायची माझी फार इच्छा आहे. आता ते लावायचं तर हे काढावं लागतं. सिंक्लेअरच्या स्वतःच्या इंटरफेस 2 या जॉयस्टिक-कार्ट्रिजच्या जोडणीची (1983) हीच रड होती. त्याच्या मागे फक्त झेडएक्स प्रिंटर लागायचा.

आणि कृपा करून, मशीन चालू असताना कार्ड लावू-काढू नका. कनेक्टर जरा तिरका बसला तरी शॉर्ट होतो. खालच्या 16 केबीच्या 4116 मेमरी चिपना +5, -5 आणि +12 असे तिन्ही व्होल्टेज लागतात. त्यातला एक गेला की आधी त्या जातात. लावण्याआधी कडा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून घ्या, जुन्या बोर्डावर काळपट थर असतोच.

कार्ड जरूर घ्या. थ्रू कनेक्टर असलेली आणि नसलेली, दोन्ही तऱ्हेची मिळतात, तेव्हा पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि कडा बाहेर आलेली दिसली तरच ऑर्डर द्या.