कॉलेज स्कोअरकार्ड: पोराला शेजारी बसवून बघायची साइट

अमेरिकेत कॉलेजची यादी करताय ना, मग ही सरकारी साइट उघडा, फुकट आहे. अ‍ॅडमिशन रेट आणि वर्षाचा सरासरी खर्च (स्कॉलरशिप, मदत वजा करून) दोन्ही दिसतं, खर्च घरच्या उत्पन्नाच्या 5 गटांत फोडलाय त्यामुळे छापील फी बघून लगेच घाबरू नका, कधीकधी महागडं प्रायव्हेट कॉलेज स्टेट युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडतं. पण 1,10,000 डॉलरच्या पुढचे सगळे एकाच गटात कोंबलेत, म्हणजे नवराबायको दोघं कमावणाऱ्या घराला तो आकडा फारसा कामाचा नाही, तिथे कॉलेजच्याच साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल त्याचा अंदाज देणारं) भरा. एफ-1 (स्टुडंट व्हिसा) वाल्यांनी तर हे धरूच नये, हे फेडरल (अमेरिकी केंद्र सरकारची) मदत घेणाऱ्या मुलांचे आकडे आहेत. अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) बाइंडिंग असतं, म्हणजे अ‍ॅडमिशन मिळाली की तिथेच जायचं, त्यामुळे हे सगळं त्याच्या आधीच!