डोंगरांची नावं: भाषांतर की जशीच्या तशी?

युरोपातल्या डोंगराळ भागांची नावं दोन प्रकारे दुसऱ्या भाषेत जातात, एकतर अर्थ भाषांतरित होतो नाहीतर स्थानिक नाव तसंच उचललं जातं. जर्मनीतला श्वार्त्सवाल्ड घ्या, इंग्रजीत ब्लॅक फॉरेस्ट, फ्रेंचमध्ये फोरे-न्वार, स्पॅनिशमध्ये सेल्वा नेग्रा, सगळीकडे काळं जंगलच. अख्खा भाग एकाच देशात, त्यामुळे कुणाची तक्रार नाही (आपल्याकडे तर तो केकमुळेच माहीत, ते सोडा).

पण सीमेवरच्या डोंगरांना हे जमत नाही. चेक-पोलिश सीमेवरची रांग, १६०३ मीटरचं स्न्येज्का शिखर जिथे आहे ती, जर्मनमध्ये रीझनगेबिर्गे म्हणजे राक्षसांचे डोंगर, इंग्रजीने तेच उचलून जायंट माउंटन्स केलं. चेक मात्र क्रकोनोशे म्हणतात, पोलिश कारकोनोशे, आणि त्यात राक्षस कुठेच नाही! म्हणजे भाषांतर झालं ते आता तिथे राहणाऱ्या बहुतेकांच्या भाषेतून नाहीच. शिवाय बसच्या पाटीवर जायंट शोधत बसलात तर बस गेलीच समजा.

वाचायला भाषांतर गोड लागतं हे मान्य, गोष्टीबिष्टीत चालेल. प्रवासाच्या लेखात मात्र मी क्रकोनोशेच लिहीन, अर्थ पुढच्या वाक्यात सांगता येतो की.